पाण्याची परीक्षा

सोहारला पाऊस पडतो वर्षातून चार दिवस,
तेही ठरलेले नाहीत.
म्हणून छप्पर कुणाला आठवत नाही.
आठवतं पाचव्या दिवशी,
मजलिसच्या गालिच्यावर चहासारखा डाग उतरला की.
मग शमसाबाईंचा फोन:
मुकादम, तुझ्या माणसांनी काय केलं?

माझ्या माणसांनी नव्हतं केलं काही.
केलं होतं डिशवाल्यानं.
चार बोल्ट, थेट डांबरी पडद्यातून आरपार.
मागच्या वादळाला दाद न दिलेलं छप्पर
फुटबॉलच्या मॅचसाठी गळत होतं.
आणि मोरीत वाळू, कबुतराची पिसं,
अंगणातल्या बोरीच्या बिया,
एक प्लॅस्टिकचा उंट.

"हा नासिरचा," म्हणाल्या शमसाबाई.
नासिर आता अठ्ठावीस वर्षांचा, मस्कतला असतो.
त्यांनी उंट धुतला, खिडकीत ठेवला.
मी म्हटलं, बाई,
वर्षातून दोनदा तरी कुणाला तरी वर पाठवत जा.

आम्ही पहाटे चारला चढायचो.
तोफज्जल ज्योत धरायचा, मी रोल उलगडायचो,
पट्टीवर पट्टी चार बोटं.
सांध्यातून काळा मणी बाहेर डोकावला
तरच समजायचं, चिकटलं.
कडेला भिंतीवर वीतभर चढवायचं.
दहा वाजता हात ठेवता येत नाही कशावर,
स्वतःच्या गुडघ्यावरसुद्धा नाही.

मग मोरी बोळा घालून बंद केली
आणि टँकरनं छपरावर पाणी सोडलं,
दोन बोटं खोल, दोन दिवस.
खाली शमसाबाईंनी मजलिसभर
पांढरी चादर अंथरली. म्हणाल्या,
थेंब पडला तर तो मला दिसला पाहिजे.

त्याच रात्री केळशीहून रुकय्या.
पडवीवरचे करडे सिमेंटचे पत्रे काढायचेत,
बेंडल मिस्त्री म्हणतो करवतीनं निम्मे करू,
कोंबड्यांच्या खुराड्याला होतील.

मी कॅम्पच्या जिन्यात उभा राहून ओरडलो:
करवत लावू नकोस म्हणावं!
आधी पाणी मार, भिजव, अख्खे उतरव,
प्लॅस्टिकात गुंडाळ, पोरांना मामाकडे पाठव,
आणि नंतर कोरड्या केरसुणीनं झाडू नकोस,
ऐकतेस का, कोरडं झाडू नकोस.

विसाव्या वर्षी मी आणि दाऊद
चिपळूणला हेच पत्रे कापायचो.
भुवयांवर पीठ बसायचं,
एकमेकांना म्हातारा म्हणून हसायचो.
दाऊद म्हातारा झाला नाही.
खोकला मात्र झाला होता,
घराबाहेरून ओळखू यायचा.

"बरं," म्हणाली रुकय्या. "मग नवीन काय घालू?"
कौलं घाल. वासे तपासून घे, वाळवी बघ.
"महाग आहेत. रंगीत पत्रा स्वस्त पडतो."
पत्र्यावर पाऊस वाजला
की एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही.
ती थोडी थांबली.
"बोलायला आहे कोण इथं?"

दुसऱ्या रात्री टॉर्च घेऊन वर गेलो.
पाणी अर्धं बोट उतरलं होतं.
पोटात खड्डा पडला.
पण कोपऱ्यात मी एक परात ठेवली होती,
तेवढंच पाणी भरून, मुद्दाम.
तीही अर्धं बोट उतरली होती.
म्हणजे पाणी उन्हानं प्यायलं होतं, घरानं नाही.

बोळा काढला.
पाणी घळघळ करत गेलं खाली गल्लीत,
मांजरं पळाली.
शमसाबाईंनी चादर उजेडात धरून पाहिली,
दोन्ही बाजूंनी, आणि घडी घातली.
डिश आता भिंतीवर बसवली आहे.

सकाळी पैसे पाठवले, कौलांपुरते.
खाली चार शब्द लिहायची जागा असते.
मी लिहिलं: सुट्टी मार्चमध्ये. चढवू नकोस.
मी आल्यावर चढवू.